‘सापडलं’ म्हणू नका, अजून शोधच चालू आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी उदगीर तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून येतो आणि विज्ञानाचं पान मी कात्रीने कापून वर्गात नेते, म्हणून हक्काने लिहितेय. मागच्या महिन्यात त्या पानावर अवकाशातल्या प्रतिकणांची बातमी होती, वर मोठ्या अक्षरात ‘डार्क मॅटर अखेर सापडलं’ आणि खाली अवकाश स्थानकाचा रंगीत फोटो. बातमीत यंत्राची माहिती बरोबर होती, आकडे पण बरोबर होते, चुकला तो मथळा. डार्क मॅटर म्हणजे विश्वातलं न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवरून कळणारं द्रव्य, त्याचे कण नष्ट होताना प्रतिकण निघू शकतात एवढाच काय तो या बातमीशी संबंध. आणि मुलं आधी मथळाच वाचतात.

आमच्या अकरावीतल्या एका मुलीने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार्ट केलाय, निळ्या कार्डशीटवर स्केचपेनने, गोल गोल ग्रह काढून, आणि वर तुमचाच मथळा जसाच्या तसा. मी म्हटलं, अगं हे अजून सापडलेलं नाहीये. तर ती म्हणाली, "मॅडम, पेपरात आलंय ना?" मला पटकन काही बोलताच आलं नाही, कारण व्हॉट्सॅपवर आलेलं खरं मानू नका, पेपर वाचा, असं मीच त्यांना दोन वर्षं सांगत आलेय. त्या दिवशी घरी येऊन मी सगळं परत वाचून काढलं आणि हे पत्र लिहायला बसले. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

प्रतिकण म्हणजे काही कादंबरीतली गोष्ट नाही. आपल्या इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, वजन तेवढंच, विद्युतभार फक्त उलटा म्हणजे धन, त्याचं नाव पॉझिट्रॉन. माझ्या वडिलांना पेट स्कॅनसाठी नेलं होतं तेव्हा सुईतून औषध दिलं आणि तासभर एका खोलीत शांत बसवून ठेवलं, ते औषधच पॉझिट्रॉन सोडणारं होतं. पेट मधला प म्हणजे पॉझिट्रॉनच. तो शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही संपतात आणि दोन गॅमा किरण एकमेकांच्या उलट दिशेने निघतात, मशीन ते पकडतं आणि कुठून निघाले ते सांगतं. बाहेर बाकावर बसून मी हाच विचार करत होते की हाच कण वर आकाशातून पण येतो, आणि तिथे मात्र तो कुठून निघाला हे सांगायला कुणी नाही.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून सतत येणारे वेगवान कण, बहुतेक प्रोटॉन, थोडे हेलियमचे केंद्रक, त्याहून कमी इलेक्ट्रॉन आणि अगदी थोडे प्रतिकण. १९१२ साली ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमध्ये बसून ५ हजार मीटरच्या वर गेले आणि जितकं वर जावं तितकं हे रेडिएशन वाढतं हे त्यांना दिसलं. पुढे वीस वर्षांनी, १९३२ च्या ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांना क्लाउड चेंबरच्या, म्हणजे कणाची वाट धुक्याच्या रेघेसारखी दाखवणाऱ्या पेटीच्या, फोटोत एक रेघ दिसली. ती रेघ मी दरवर्षी फळ्यावर काढते म्हणून जरा सविस्तर सांगते. चेंबरच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी होती आणि सगळ्याला मोठ्या चुंबकाचं क्षेत्र. कण चुंबकात वळतो, धन असेल तर एका बाजूला आणि ऋण असेल तर दुसऱ्या. पण नुसतं वळण बघून भागत नाही, कारण वरून खाली येणारा ऋण कण आणि खालून वर जाणारा धन कण, दोघांची रेघ सारखीच दिसते. तिथे ती शिशाची पट्टी कामाला आली. पट्टीतून गेल्यावर कणाची एनर्जी कमी होते आणि कमी एनर्जीचा कण जास्त वळतो. त्या फोटोत रेघ पट्टीच्या वरच्या बाजूला जास्त वाकलेली होती, म्हणजे कण खालून वर गेला होता, म्हणजे तो धन होता, आणि रेघेची लांबी बघता तो प्रोटॉन असूच शकत नव्हता. एका साध्या पट्टीने सगळा निकाल लावला! ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या समीकरणातून असा कण असावा असं आधीच निघालं होतं, तो असा प्रत्यक्ष दिसला. १९३६ चं नोबेल हेस आणि अँडरसन यांना वाटून मिळालं.

त्याच वर्षी, १९३६ ला, आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळले तर कसे विखुरतील याचं गणित छापलं, जगभर त्याला आजही भाभा स्कॅटरिंगच म्हणतात आणि कोलायडरमध्ये, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, टकरी मोजायला ते रोज वापरलं जातं. मुलांना भाभा म्हणजे अणुभट्टी एवढंच माहीत असतं, ही गोष्ट सांगितली की वर्ग एकदम सरळ होऊन बसतो.

आता सॅटेलाइट का लागतं? तर आपल्या डोक्यावर हवा आहे. वरून आलेला मूळ कण हवेच्या रेणूवर आदळतो, त्यातून शेकडो नवे कण तयार होतात आणि जमिनीवर पोचतो तो सगळा त्या टकरींचा चुरा. त्यात पॉझिट्रॉन पण असतात, पण ते इथेच जन्मलेले, अँडरसनचा पण तसाच. बाहेरून आलेला अस्सल पॉझिट्रॉन पकडायचा तर हवेच्या वर जायला पाहिजे. आधी बलून गेले, अजूनही जातात. आमच्या भागात टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) हैदराबादच्या केंद्राची सूचना पेपरात येते की बलूनचं सामान शेतात पडलेलं दिसलं तर उघडू नका, हात लावू नका, कळवा. बलूनवर पण थोडी हवा उरतेच आणि दिवसही मोजके मिळतात, म्हणून मग चुंबकच कक्षेत न्यायचं ठरलं.

असं पहिलं मोठं काम केलं पामेलाने. इटली, रशिया, जर्मनी, स्वीडन यांचं मिळून बनवलेलं हे यंत्र, साधारण ४७० किलोचं, १५ जून २००६ ला बायकोनूरहून रशियन सॅटेलाइटवर चढून गेलं. बघा, रचना अँडरसनचीच आहे. मध्ये चुंबक, त्यात सिलिकॉनच्या पट्ट्या म्हणजे रेघ काढायची वही, वर-खाली टाइम ऑफ फ्लाइटचे पडदे, कण आधी कुठल्या पडद्याला लागला ते सांगायला, म्हणजे शिशाच्या पट्टीचं काम आता घड्याळ करतं. त्याखाली कॅलरीमीटर, म्हणजे कणाची एनर्जी मोजणारा जाड थर. तो का, तर अवकाशात प्रोटॉन पण धन आणि पॉझिट्रॉन पण धन, दोघं चुंबकात एकाच बाजूला वळतात, आणि एका पॉझिट्रॉनमागे हजारो प्रोटॉन येतात. सोयाबीनच्या पोत्यातून एक मोहरी शोधण्यासारखं आहे ते, आणि चूक झाली तर प्रोटॉनलाच पॉझिट्रॉन समजून बसायची भीती. कॅलरीमीटरमध्ये पॉझिट्रॉन शिरला की त्याचा फुलबाजीसारखा फुलोरा होतो, प्रोटॉन बहुतेक वेळा तसा फुलत नाही. त्यावरून ओळखायचं.

पामेलाला काय दिसलं ते समजायला आधी काय अपेक्षित होतं ते सांगायला पाहिजे. आकाशगंगेत प्रोटॉन फिरत असतात, ताऱ्यांच्या मधल्या हायड्रोजनवर कधीतरी आदळतात, त्यातून पायॉन नावाचे क्षणभर टिकणारे कण निघतात, पायॉनचा म्युऑन होतो आणि म्युऑनचा पॉझिट्रॉन. हे सगळं माहीत असलेलं फिजिक्स. या हिशेबाने जसजशी एनर्जी वाढवत जाऊ तसतसं इलेक्ट्रॉनच्या मानाने पॉझिट्रॉनचं प्रमाण कमी कमी होत गेलं पाहिजे. पण पामेलाचा निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आला त्यात १० जीईव्हीच्या पुढे प्रमाण वाढत गेलेलं, पार १०० जीईव्हीपर्यंत. एक जीईव्ही म्हणजे साधारण एका प्रोटॉनच्या वस्तुमानाएवढी एनर्जी. म्हणजे पॉझिट्रॉन तयार करणारी दुसरी कुठली तरी भट्टी आसपास आहे जी आपल्या हिशेबात नव्हती.

त्या वेळची एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते. पामेलाचा निबंध छापून यायच्या आधी, २००८ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत पामेलाच्या लोकांनी हा आलेख पडद्यावर दाखवला, तर समोर बसलेल्या काही शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्याने फोटो काढले, त्यावरून टिंबं मोजली आणि डार्क मॅटरवर स्वतःचे निबंध लिहून टाकले. घाई सगळ्यांनाच होते, मोठ्या माणसांना पण. म्हणून तुमच्या बातमीदाराचा मला राग आला नाही. पण पामेलाच्या लोकांनी स्वतः काय लिहिलं होतं? पल्सर (फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला, गिरक्या घेणारा गोळा) असू शकतो, डार्क मॅटर असू शकतं, स्रोत नक्की सांगता येत नाही.

मग आलं एएमएस, म्हणजे अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर, तुमच्या बातमीतलं यंत्र. हे तर अवाढव्य आहे, साडेसात टन. सॅम्युअल टिंग, ज्यांना १९७६ चं नोबेल मिळालं, त्यांनी हे मागे लागून लागून तडीस नेलं. छोटं रूप १९९८ ला डिस्कव्हरी शटलवर दहा दिवस फिरून आलं. नंतर २००३ ला कोलंबिया कोसळलं, ज्यात आपली कल्पना चावला गेली, आणि शटलच्या फेऱ्या कमी झाल्या त्यात एएमएसची जागाच गेली. यंत्र बनतंय आणि न्यायला गाडी नाही. शेवटी अमेरिकेच्या काँग्रेसने २००८ ला एक फेरी वाढवायचा कायदा केला आणि १६ मे २०११ ला एन्डेव्हरच्या शेवटच्या फेरीत ते वर गेलं, शटलची त्यानंतर एकच फेरी झाली. तीन दिवसांनी ते स्थानकाच्या बाहेर बसवलं आणि त्याच दिवसापासून मोजणी सुरू झाली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन कॉलेजच्या गच्चीवर उभे होतो, संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला, आणि अवकाश स्थानक वायव्येकडून वर आलं. दिवे लुकलुकत नाहीत, आवाज नाही, नुसता एक ठसठशीत ठिपका, शुक्रासारखा, पाच मिनिटात डोक्यावरून जाऊन सावलीत विझला. मी म्हटलं, त्या ठिपक्याच्या पाठीवर आत्ता, आपण बघतोय तेव्हा सुद्धा, दर सेकंदाला शेकडो कण मोजले जातायत. ती चार्टवाली मुलगी तिथेच माझ्या शेजारी मान वर करून उभी होती.

३ एप्रिल २०१३ ला सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, टिंग यांनी पहिला निकाल सांगितला, चार लाख पॉझिट्रॉन, पामेलाची चढण खरी ठरली. त्याच्या आधी २०१२ मध्ये गॅमा किरण बघणाऱ्या फर्मी सॅटेलाइटने पण ती चढण दाखवली होती, आणि ती कशी दाखवली ते फार सुंदर आहे. फर्मीवर चुंबकच नाही. त्या लोकांनी पृथ्वीलाच चुंबक म्हणून वापरलं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे काही ठरावीक दिशांमध्ये, पश्चिमेकडे, फक्त पॉझिट्रॉनच पोचू शकतात आणि पूर्वेकडे फक्त इलेक्ट्रॉन, तेवढ्याच फटीतून त्यांनी मोजलं. तीन वेगळी यंत्रं, एकच चढण. त्यामुळे जास्तीचे पॉझिट्रॉन आहेत, याबद्दल आता शंका नाही. १० जीईव्हीला पॉझिट्रॉनचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास, आणि २०० च्या पुढे १५ टक्क्यांच्या आसपास.

२०१९ ला एएमएसने १९ लाख पॉझिट्रॉनांचा हिशेब छापला. त्यात २८४ जीईव्हीच्या पुढे पॉझिट्रॉन झपाट्याने कमी होत जातात असं दिसतं, आणि त्या जास्तीच्या स्रोताची एनर्जी ८१० जीईव्हीच्या आसपास संपते. तुमच्या बातमीत हा ८१० चा आकडा होता आणि त्यावरच मथळा बेतलेला होता, की डार्क मॅटरच्या कणाचं वजन संपतं तिथे पॉझिट्रॉन संपतात. हे शक्य आहे, नाही असं नाही. डार्क मॅटरचे दोन कण एकमेकांवर आदळून नष्ट झाले तर त्यातल्या एका कणाच्या वस्तुमानापेक्षा जास्त एनर्जीचा पॉझिट्रॉन निघूच शकत नाही, तिथे आलेख तुटलाच पाहिजे. पण मूळ निबंधात तो आकडा नुसता ८१० असा नाही हो, तो ८१०, अधिक ३१०, उणे १८० असा आहे. म्हणजे ६३० पण असू शकतो आणि ११२० पण. ते अधिक-उणे तुमच्या बातमीत गळून गेलं.

वर्गात हे सांगताना मी मार्केट यार्डातलं उदाहरण देते. सोयाबीन घेऊन गेलं की मूठभर दाणे मॉइश्चर मशीनमध्ये टाकतात, एका वेळी १२ दाखवतं, परत त्याच पोत्यातले दाणे टाकले की १३, तिसऱ्यांदा साडेअकरा. माझे वडील तिन्ही आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घ्यायचे आणि मग व्यापाऱ्याशी बोलायचे, कारण नुसत्या एका आकड्यावर भाव ठरला की शेतकरी बुडतो. आमच्याकडचं प्रत्येक पोर हे जाणतं. मग अवकाशातल्या आकड्याला त्याचं अधिक-उणे का नको? आणि आलेख तुटतो या गोष्टीचीच खात्री चार सिग्मापेक्षा थोडी जास्त आहे, शोध लागला म्हणायला या धंद्यात पाच सिग्मा मागतात. सिग्मा म्हणजे दिसलेली गोष्ट नुसता योगायोग नाही याच्या खात्रीचं माप.

दुसरा दावेदार आहे पल्सर. मोठा तारा फुटून उरलेला, दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा, भयानक वेगाने गिरक्या घेणारा गोळा. त्याच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात प्रकाशापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होतात आणि बाहेर फेकल्या जातात. त्याची पण एक कमाल एनर्जी असते, तिथे आलेख तुटू शकतो. म्हणजे नुसत्या तुटण्यावरून दोघांतला कोण ते कळत नाही. एवढ्या एनर्जीचे पॉझिट्रॉन लांबून येऊ शकत नाहीत, वाटेत प्रकाशाला आणि चुंबकीय क्षेत्राला एनर्जी वाटत येतात, त्यामुळे स्रोत काही हजार प्रकाशवर्षांच्या आतच पाहिजे. जवळचे दोन संशयित आहेत, एक जेमिंगा, साधारण ८०० प्रकाशवर्षांवर, आणि दुसरा मोनोजेम.

मग सरळ दिशा बघून का नाही ठरवत, असं मुलं विचारतात. विचारायलाच पाहिजे. पण विद्युतभार असलेला कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात इतका भरकटतो की जत्रेत रेटारेटीत पुढे आलेल्या माणसाला बघून तो कुठल्या वेशीतून शिरला ते कळत नाही, तसं होतं. एएमएसने कुठल्या बाजूने पॉझिट्रॉन जरा जास्त येतात का ते शोधलंय, अजून तरी चारी बाजूंनी सारखेच येतायत.

म्हणून मेक्सिकोतल्या लोकांनी वेगळा रस्ता धरला. तिथे सिएरा नेग्रा डोंगराच्या उतारावर ४१०० मीटर उंचीवर हॉक नावाची वेधशाळा आहे, ३०० लोखंडी टाक्या, एकेकीत जवळपास दोन लाख लिटर स्वच्छ पाणी, त्यात वरून आलेल्या कणांची निळसर चमक मोजतात. (२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आम्ही बघितलंय, त्यामुळे एवढं पाणी फक्त प्रकाश बघायला साठवलंय हे वाचून माझ्या पोटात क्षणभर कसंतरी झालं, नंतर त्याचं मोल पण कळलं.) २०१७ ला त्यांनी सांगितलं की जेमिंगा आणि मोनोजेमभोवती गॅमा किरणांचं मोठं वलय आहे, म्हणजे पॉझिट्रॉन तिथे खरंच तयार होतायत, पण ते तिथून इतके हळू पसरतायत, अपेक्षेपेक्षा शंभरपट हळू, की पृथ्वीपर्यंत पुरेसे पोचणारच नाहीत. झालं, लगेच हवा फिरली, पल्सर बाद, डार्क मॅटर आलं! मग दुसऱ्यांनी दाखवलं की पल्सरच्या जवळ वेग कमी असेल पण पुढे वाट मोकळी असेल तर ते आरामात पोचतील. २०१९ ला फर्मीच्या डेटात जेमिंगाचं कमी एनर्जीचं वलय पण सापडलं आणि त्या हिशेबाने एएमएसला दिसलेल्या पॉझिट्रॉनांपैकी २० टक्क्यांपर्यंत एकटा जेमिंगा देऊ शकतो असं निघालं. मला विचाराल तर आज पल्सरचं पारडं जड आहे, कारण डार्क मॅटर मानायचं तर ते नष्ट व्हायचा वेग खूपच जास्त मानावा लागतो, आणि तेवढा असता तर महास्फोटानंतर उरलेल्या, विश्वाच्या पार्श्वभूमीच्या प्रारणात प्लँक सॅटेलाइटला आणि छोट्या आकाशगंगांमध्ये फर्मीला त्याच्या खुणा दिसायला पाहिजे होत्या, त्या दिसल्या नाहीत. पण पारडं जड असणं वेगळं आणि निकाल लागणं वेगळं.

कारण अँटीप्रोटॉनची गोष्ट उरतेच. प्रोटॉनचा प्रतिकण, १९५५ ला बर्कलीत प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला. पल्सर तो बनवत नाही, डार्क मॅटर बनवू शकतं. एएमएसने २०१६ ला सांगितलं की साडेतीन लाखांच्या आसपास अँटीप्रोटॉन मोजले आणि ६० जीईव्हीच्या पुढे प्रोटॉनशी त्यांचं प्रमाण जवळपास सपाट राहतं, साधारण दहा हजारात दोन. हे प्रमाण उतरायला पाहिजे होतं असं बरेच जण म्हणत होते. मग सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने काय केलं, तर प्रोटॉनच्या झोताच्या वाटेत थोडा हेलियम वायू सोडला आणि अशा टकरीत अँटीप्रोटॉन नक्की किती निघतात ते जमिनीखाली मोजलं, कारण तोवर तो आकडाच नीट माहीत नव्हता. वर सॅटेलाइटने मोजायचं आणि त्याचा अर्थ लावायला खाली प्रयोग करायचा, हे मला फार आवडतं. तो आकडा सुधारला आणि अँटीप्रोटॉनमधलं नवल बरंच कमी झालं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी तुमच्या बातमीत एका ओळीत उरकली होती, प्रति-हेलियम, म्हणजे हेलियमच्या केंद्रकाचा प्रतिकण. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सर्नमधल्या भाषणात टिंग म्हणाले की अब्जावधी कणांमध्ये प्रति-हेलियमसारखे दिसणारे अगदी थोडे कण आहेत, पुढे २०१८ पर्यंत ते आठ झाले. कोट्यवधी हेलियममागे एखादा. हे खरे निघाले तर साध्या टकरींनी त्यांचा हिशेब लागत नाही, कुठेतरी प्रतिद्रव्याचे ढग नाहीतर तारेच शिल्लक आहेत का इथपर्यंत प्रश्न जातो. नोबेल मिळालेला माणूस, हातात आठ कण, आणि तरी अजून शोध लागला म्हणून दावा छापलेला नाही. का, तर इतक्या कोटी कणांत आपलंच यंत्र एखाद्याच्या विद्युतभाराचं चिन्ह उलटं वाचू शकतं का, हे आधी तपासायचंय. ही बातमी नाही का साहेब? माझ्या मते तर हीच बातमी आहे.

यंत्र टिकवायला पण काय केलंय बघा. ते अवकाशात दुरुस्त करायचं म्हणून बनवलेलंच नव्हतं. थंड ठेवणारे चारही पंप एकेक करून आजारी पडत गेले. नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये इटलीचे लुका परमितानो आणि अमेरिकेचे अँड्र्यू मॉर्गन चार वेळा बाहेर गेले, जाड हातमोजे घालून स्टीलच्या आठ बारीक नळ्या कापल्या, नवे पंप जोडले. शेवटच्या फेरीत एका जोडाला गळती निघाली, तो आवळला, थांबून बघितलं, परत आवळला, तेव्हा बंद झाली. आमच्या घरी गॅसच्या शेगडीची नळी बदलताना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो ना, तसंच, फक्त ४०० किलोमीटर वर. आता वरच्या बाजूला सिलिकॉनचा आणखी एक मोठा थर बसवायची योजना आहे म्हणजे तिप्पट कण पकडता येतील. जास्त एनर्जीला कण फार कमी मिळतात, म्हणूनच ते अधिक-उणे एवढं मोठं आहे, जास्त कण मिळाले की ते कमी होईल आणि पल्सर का डार्क मॅटर याचा आलेखाच्या आकारावरून काहीतरी अंदाज येईल. चीनचं दाम्पे आणि जपानचं कॅलेट पण २०१५ पासून वर आहेत, त्यांची एनर्जीची मोजणी उत्तम आहे, पण त्यांच्यावर चुंबक नाही, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन त्यांना वेगळे करता येत नाहीत. पामेला २०१६ ला थांबलं. म्हणजे एवढ्या मोठ्या एनर्जीचा पॉझिट्रॉन ओळखणारं चुंबक आज कक्षेत एकच आहे, आणि ते ज्या स्थानकावर आहे त्याचंही आयुष्य २०३० च्या आसपास संपवायचं ठरलंय.

माझी मागणी छोटी आहे. त्या मथळ्याची दुरुस्ती छापा, पुढच्या आठवड्यात, त्याच पानावर, चार ओळी चालतील. त्यात एवढं यावं की जास्तीचे पॉझिट्रॉन नक्की आहेत, स्रोत ठरलेला नाही, पल्सर आणि डार्क मॅटर दोन्ही नावं लिहा, आणि ८१० लिहिलं तर त्याच्यासोबत अधिक ३१०, उणे १८० पण लिहा. चार्टवाल्या मुलीला मी मथळा खोडायला सांगितलं नाही. तिला सगळे आकडे दिले, एएमएसचा आलेख मोठा करून दिला आणि टिंबांच्या वर-खाली ज्या उभ्या रेघा असतात त्या पट्टीने मोजायला लावल्या. शेवटच्या टिंबाची रेघ सगळ्यात लांब निघाली, मुलगी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग स्वतःच म्हणाली, मॅडम, वरचं नाव बदलू का, पण पेपरात आलं तर कात्रण पण लावता येईल.

प्रदर्शन पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. दुरुस्ती कुठल्या तारखेच्या अंकात येणार ते जमलं तर आधी कळवा, आमच्या गावात तुमचा पेपर दहाच्या एसटीने येतो आणि मोजकेच अंक येतात, मी दोन बाजूला ठेवायला सांगेन.

आपली,
फिजिक्सची एक शिक्षिका
ता. उदगीर, जि. लातूर